पायाभूत काका

इंजिनाचं विक्रोळीला अप्रूप नाही. इस्रोच्या रॉकेटांना लागणारं 'विकास' इंजिन इथल्याच गोदरेजच्या आवारात तयार होतं. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या बारा लाखांवर पोलादी मतपेट्याही इथंच घडल्या. साहजिकच कन्नमवार नगरात दर दोन इमारतींआड टूलरूममधून निवृत्त झालेले एक काका सापडतात. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी व्हर्नियर, तोंडात मिलिमीटर, आणि चूक मात्र अजून सुतात मोजणारे. ते कुठलंही काम चुकीचं करत नाहीत. याचं मुख्य कारण, ते काम सुरूच करत नाहीत.

आमच्या इमारतीतल्या नमुन्याकडे १९७४ची प्रीमियर पद्मिनी आहे. तिचं माहेर कुर्ला, म्हणजे इथून लालबहादूर शास्त्री मार्गाने सरळ. ती जिथे बनली त्या कारखान्याच्या जागी आता कोहिनूर सिटी उभी आहे, म्हणून काका तिथून जाताना मान दुसरीकडे वळवतात. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तेव्हा त्यांनी दोन दिवस दाढी केली नाही. २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पन्नाशी उलटलेल्या मूळ रूपातल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांचा नंबर मिळतो. गाडीने पन्नाशी गाठली आणि काकांनी इंजिन नव्याने बांधायला उतरवलं. मंडळाच्या चार पोरांनी ते जिन्याखाली आणून ठेवलं. तिथपर्यंत सगळं वेगात झालं, कारण तिथपर्यंत विचार पोरांनी केला होता.

"काका, खाली जुना टायर टाका, वर इंजिन ठेवा. चार दिवसांत बांधून देतो," गॅरेजवाला पोरगा म्हणाला. मुंबईत अर्धी इंजिनं टायरवरच उघडतात.

"विकास इंजिन टायरवर ठेवून बांधतात का रे?" काकांनी विचारलं. पोरगा पुन्हा आला नाही.

काकांना इंजिन स्टँडच हवा होता. आता खरी अडचण अशी की काकांचं म्हणणं बरोबर असतं. इंजिन स्टँडला ब्लॉक मागच्या तोंडाने, जिथे गिअरबॉक्स बसतो तिथे, चार बोल्टांवर आवळतात. बाकीचं सगळं धूड पुढे अधांतरी. आठच्या फास्टच्या दारात एका हाताने लोंबकळणाऱ्या माणसासारखं. म्हणून स्टँडचे पुढचे पाय इंजिनाच्या भारापेक्षा पुढे गेलेले हवेत. तीन चाकांचा स्टँड स्वस्त आणि सुटसुटीत, पण ढकलताना एक चाक फरशीच्या सांध्यात अडकलं की इंजिन आडवं. त्यात फिरवायची नळी भाराच्या मध्यातून जात नसेल, तर पिन काढल्याबरोबर ब्लॉक गर्रकन उलटतो आणि मधे सापडलेली बोटं सोबत घेऊन जातो. हेड उतरवलं की हा मध्य पुन्हा खाली सरकतो. काकांनी तो शोधायला जिन्याच्या कठड्याला गवंड्याचा ओळंबा बांधला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तो लिंबू-मिरची समजून दर शनिवारी वळसा घालून जायच्या.

मग सीएसटी रोडचे दौरे सुरू झाले. कुर्ल्याच्या त्या पट्ट्यात मोटारीचा कुठलाही अवयव मिळतो, मिळत नाही तो काकांच्या मापाचा. मी एकदा सोबत गेलो. दुकानदाराने चार चाकांचा निळा स्टँड पुढे ओढला. काकांनी आधी तो नुसता हलवला, मग त्याच्या एका पायावर स्वतः उभे राहिले, मग बसकण मारून चारही वेल्ड नखाने खरवडले. एका सांध्यावरचा रंग सुटला, खाली वेल्डचे नुसते ठिपके. "टाका मारलाय, शिवण नाही," काका म्हणाले. दुकानदार पाइप तीन एमएमचा म्हणत होता. व्हर्नियर बाहेर आला: दोन पॉइंट सहा. त्यांनी बोल्टांची डोकी पाहिली. मजबुतीचा '८.८' हा आकडा एकावरही नव्हता.

"चाचा, इंजन रखना है या हाथी?" दुकानदार कळवळला.

"हाथी अपने पाँव पे खड़ा रहता है," काका म्हणाले, आणि आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. येताना त्यांनी मला बोल्टाच्या जाडीच्या दीडपट लांबी तरी ब्लॉकमध्ये शिरली पाहिजे, हे घाटकोपर ते विक्रोळी समजावलं. स्टेशनचे जिने चढतानाही ते थांबले नाहीत. या वयात एवढा दम कुठून येतो, असं काकूंना विचारलं. त्या म्हणाल्या, "काम केलं असतं तर खर्च झाला असता."

पुनर्विकासाच्या सभेत तर कहर झाला. बिल्डरचा माणूस पडद्यावर पार्किंगचं चित्र दाखवत होता. लोक चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडं विचारत होते. काका उठले. "पार्किंगच्या स्लॅबला उतार किती?" त्याने अभिमानाने सांगितलं, पाणी साचू नये म्हणून उतार ठेवलाय. "म्हणजे चाकं घरंगळणार. ब्रेकवाली चाकं लागतील," असं म्हणून काकांनी वहीत नोंद केली आणि खाली बसले. सभेला वाटलं, बिल्डरला कोंडीत पकडलं. टाळ्या पडल्या.

शेवटी स्टँड त्यांनी स्वतःच बनवून घेतला. चार चाकं, चारही ब्रेकवाली, पुढचे पाय लांब, अँगल असा जाड की तो उचलायला पुन्हा मंडळाची पोरं बोलवावी लागली. इंजिन चढलं. काकांनी पिन काढून एका बोटाने ते उलटं केलं, सुलटं केलं. जिथे सोडलं तिथेच थांबलं. सगळी इमारत बघायला आली होती. खरंच देखणं काम होतं, आणि हे मी कुरकुर न करता मान्य करतो.

तेवढ्यात तो गॅरेजवाला पोरगा गर्दीतून पुढे आला. "काका, मस्तच. पण इंजिन मागच्या तोंडाने आवळलंय. फ्लायव्हील आणि क्लच कुठून बसवणार?"

"सगळं बांधून झालं की खाली उतरवून."

"उतरवणार कशाने?"

काकांचा हात खिशातल्या व्हर्नियरकडे गेला. चेन-पुली टांगायची तर घोडी लागणार. आता गेले काही रविवार ते सीएसटी रोडला जातायत. घोडी तीन पायांची घ्यावी की चार, यावर अजून त्यांचं काही ठरलेलं नाही.