खाली गाळे, वर गुरुजी

आमच्या मामांनी आखाडा बाळापुरात, हिंगोली-नांदेड रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर, तीन मजली गुंतवणूक केली आहे. तीन मजले डोळ्यांना दिसतात म्हणून तीन म्हणतो. कागदावर तिथं अजून हळद आहे. सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत हळद आणि सोयाबीन नीट लागलेलं आहे आणि त्या पिकाच्या डोक्यावर खाली दोन गाळे, मधे चार खोल्या, वर पत्र्याच्या दोन असं बांधकाम उभं आहे. पाऊस कमी झाला त्या सालीही हे पीक हललं नाही, असं मामा अभिमानानं सांगतात.

मामांचं गणित सरळ आहे. हळद करायची म्हणजे बेणं आणा, गादीवाफे पाडा, नऊ महिने पाणी द्या, मग काढा, शिजवा, वाळवा, पॉलिश करा आणि वसमतच्या नाहीतर हिंगोलीच्या बाजारात नेऊन भावाच्या तोंडाकडं बघत बसा. किराया महिन्याच्या महिन्याला येतो. त्याला कंदकूज लागत नाही.

आता सुरुवात जमिनीपासून. शेताचे तुकडे पडू नयेत म्हणून 1947 पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. 2023 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीला किमान 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे असं ठरलं. त्याखालच्या तुकड्याची खरेदी होत नाही. मामांकडं पैसे होते दोन गुंठ्यांचे. मग दहा जणांनी मिळून 20 गुंठ्यांचं एकच खरेदीखत केलं. सातबाऱ्यावर दहा नावं सामाईक: मामा, त्यांचे दोन साडू, एक मेडिकलवाले, एक निवृत्त कंडक्टर आणि उरलेले ओळखीचे ओळखीतले. कागदावर हे दहा जण गुण्यागोविंदानं शेती करतात. प्रत्यक्षात गटाराच्या उतारावरून त्यातल्या चौघांचं बोलणं बंद आहे.

पुढचा टप्पा एनए. त्या वेळी महसूल संहितेत 42-ड नावाचं एक दयाळू कलम होतं. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आत जमीन असेल, तर अकृषिकाची वेगळी परवानगी लागत नसे. रूपांतर कर आणि आकारणी भरली की काम झालं. मामांनी जमीन घेण्याआधी अंतर स्वतः पावलांनी मोजलं, ते 190 मीटर भरलं. मोजणीच्या यंत्रानं 230 सांगितलं. मामांची उंची साडेपाच फूट असली तरी पाऊल गुंतवणूकदाराचं आहे.

बरं, गावाकडून लांब पडलं म्हणून रस्त्याकडं सरकावं, तर तिकडं महामार्गाचा नियम उभा. रस्त्याच्या मध्यापासून 40 मीटरवर इमारत रेषा, 75 मीटरवर नियंत्रण रेषा. गावठाण म्हणतं इकडं या, महामार्ग म्हणतो मागं व्हा. दोन्हीकडच्या नियमांत बसणारी जागा निघाली ती दीड फूट रुंद. तिथं मामांनी तुळस लावली आहे. एवढी एक तुळस सोडली तर बाकी सगळं, कसं म्हणावं, प्रक्रियेत आहे. 2020 च्या डिसेंबरात राज्याच्या बहुतेक भागासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. इमारतीच्या चारी बाजूंना किती जागा मोकळी सोडायची हे त्यात सांगितलेलं असतं. मामांनी भरपूर सोडली आहे. ती शेजाऱ्याची आहे, एवढंच.

“मामा, हे सगळं पाडलं तर?” मी विचारलं.

“कामून पाडतील? घरपट्टी भरतो की मी!” मामा म्हणाले आणि नमुना आठचा उतारा माझ्यापुढं धरला. हा उतारा कर आकारणीचा, मालकीचा नव्हे, हे मी समजावून सांगितलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उतारा पुन्हा लॅमिनेशनच्या पिशवीत घातला.

या इमारतीची प्रत्यक्ष जागेवर येऊन पाहणी आजवर एकाच यंत्रणेनं केली. 21 मार्च 2024 ला सकाळी 6 वाजून 8 मिनिटांनी 4.5 तीव्रतेचा भूकंप झाला, त्याचा केंद्रबिंदूच आखाडा बाळापूर परिसरात. 11 मिनिटांनी 3.6 चा दुसरा. किल्लारीच्या भूकंपानंतर मराठवाड्यात जमीन नुसती गुरगुरली तरी माणूस पांघरुणासकट बाहेर येतो, तसे मामांचे किरायादारही आले. मामा मात्र खूश. ना अर्ज, ना चलान, ना साहेब दौऱ्यावर. दोनदा तपासणी आणि इमारत पास. जिन्याजवळ एक भेग गेली, तिच्यावर कॅलेंडर लावलं. त्याच सकाळी नांदेडच्या जिल्हा प्रशासनानं पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या, असं सांगितलं. सरकारचा हा एकमेव नियम मामांनी तासाभरात पाळला. पुढं अवकाळीच्या वाऱ्यात दोन पत्रे शेजारच्या गोठ्यावर गेले, तेव्हा दगड परत वर चढले. 10 जुलैला पुन्हा 4.5 चा धक्का बसला तेव्हा ते वरच होते.

आणि किरायादार? तिथं खरी मौज आहे. गाळ्यांत खताचं दुकान आणि मोबाईलवाला. मधल्या चार खोल्यांत खरीखुरी कुटुंबं राहतात, वेळेवर किराया देतात, मोटार बिघडली की हाक मारतात. मामांच्या लेखी तो तापच. उरलेल्या दोन खोल्यांत गुरुजी ‘राहतात’. घरभाडे भत्ता हवा तर मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव जोडावा, असा ग्रामविकास खात्याचा 9 सप्टेंबर 2019 चा निर्णय आहे. 2022 मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी गुरुजी मुख्यालयी न राहता भत्ता घेतात हा विषय विधानसभेत काढला आणि गुरुजी रस्त्यावर उतरले. गावात राहण्यासारखी घरं तरी आहेत का, असा त्यांचा सवाल होता. सवाल खरा आहे. मामांची वरची खोली आणि खालचा संडास पाहिला की तो लगेच पटतो.

तर मामांचे गुरुजी नांदेडला राहतात आणि अपडाउन करतात. कारण विचारलं की सांगतात, इकडं मुलांच्या शिक्षणाची सोय नाही. खोलीला त्यांचं कुलूप आहे, दारावर नावाची पाटी आहे, भाडेपावती दरमहा फाटते. घर आहे त्याचा कागद नाही, कागद आहे तो माणूस घरात नाही, आणि तरी दोघांचा व्यवहार चोख चालला आहे.

2025 च्या जुलैत महसूलमंत्री बावनकुळे यांनी विधानसभेत तुकडेबंदी सैल करण्याची घोषणा केली: 1 जानेवारी 2025 पर्यंत पडलेले, एक गुंठ्यापर्यंतचे तुकडेही नियमित होतील. नियमाच्या भीतीनं दोन गुंठे न घेतलेला माझा मावसभाऊ त्या दिवशी जेवला नाही. मामांनी पेढे वाटले आणि चौथ्या मजल्याचं काढलं.

“त्याला नकाशा, परवानगी...” मी सुरू झालो.

“बांधायचा कुठं हाये?” मामा म्हणाले. “नुसता किरायानं द्यायचा. वरच्या खोलीला तसंही कुणी येऊन बघंना. तिघं गुरुजी, एक नर्सबाई तयार आहेत. सिमेंट नाही, एनए नाही, भूकंप झाला तरी पडत नाही. फक्त लाईटचं मीटर कुणाच्या नावानं घ्यायचं, तेवढं अडलंय.”