मजकूर मिळाला, कळवतो

लेख पाठवला की पहिला तासभर लेखकाइतका सुखी प्राणी नाही. चहा गोड लागतो, घरच्यांशी तो धड बोलतो. मग कौतुकाने स्वतःचाच पाठवलेला लेख उघडतो आणि दुसऱ्याच ओळीत ऱ्हस्व 'कि' दिसतो. संपला आनंद. तेवढ्यात निळ्या खुणा उमटतात. म्हणजे संपादकांनी वाचला. वाचून गप्प आहेत, म्हणजे आवडला नाही.

या दुखण्याचं मूळ शोधायला कलकत्त्याला जावं लागेल. 1800 मध्ये लॉर्ड वेलस्लीने कंपनीच्या कोवळ्या साहेबांना देशी भाषा शिकवायला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. नाव किल्ल्याचं, वर्ग रायटर्स बिल्डिंगमध्ये. मराठी शिकवायला विल्यम केरी, आणि त्यांच्या दिमतीला मुख्य मराठी पंडित वैजनाथ शर्मा. 1805 साली केरींचं मराठी व्याकरण श्रीरामपूरला छापलं गेलं (हुगळीकाठच्या, आपल्या साखर कारखान्यांच्या नव्हे). मुखपृष्ठावर साहेब, प्रस्तावनेत पंडितांचे आभार. ही वाटणी पुढे बऱ्याच विद्वानांना आवडली.

पंडित पगारी होते, आमच्यासारखे मुक्त लेखक नव्हते, मान्य. पण कागद पुढे ठेवताना त्यांच्याही पोटात गोळा येत असणार. मराठीवर शेवटचा शब्द कुणाचा, तर इंग्लंडात जोडे शिवून आलेल्या केरींचा! अर्थात, कापाकापी केल्यावर टाके घालायचे असतात, हे त्या संपादकाला तरी ठाऊक होतं.

फॉन्टची कटकटही तेव्हापासूनचीच. रोजची मराठी मोडीत, पण मोडीचे खिळे नव्हते, म्हणून व्याकरण देवनागरीत निघालं. खिळे पाडून मोडीतला कोश यायला 1810 उजाडलं. आमचा युनिकोड मजकूर श्रीलिपीत जाताना 'दुसऱ्या'तला ऱ अजून वाटेत गळतो आणि वाचक शुद्धलेखनावरून आम्हालाच झोडतात.

पैशांचं मात्र तिथे बरं होतं. रामराम बसूंना 'राजा प्रतापादित्य चरित्र' या बंगाली पुस्तकासाठी कॉलेजने 300 रुपये बक्षीस दिलं. साल 1801! (वैजनाथांनी ते मराठीत आणलं, 1816 मध्ये.) काही ठिकाणी मानधनाचा आकडा अजून तिथेच घुटमळतोय. इतिहासाबद्दलचा एवढा आदर दुसरीकडे दिसत नाही.

मार्च 1812 मध्ये श्रीरामपूरचा छापखाना पेटला, केरींची हस्तलिखितं खाक झाली. मजकूर हरवल्याचं इतकं सज्जड कारण पुढे कुठल्याच संपादकाला सापडलं नाही. आमच्याकडे 'मेल स्पॅममध्ये गेली होती हो' एवढ्यावर भागतं.

आणि तरी अंक हातात आला की सगळं माफ. शीर्षक बदललेलं, आवडता परिच्छेद उडालेला, पण नाव ठळक टाइपात. आपण लेख वाचतच नाही, नावच वाचतो. शेजारच्यांनी पाहिलं नसेल तर अंक टीपॉयवर बरोबर त्या पानावर उघडा पडतो. या भरात एकदा मानधनाची चौकशी केली. लेखा विभाग म्हणाला, रद्द केलेला चेक पाठवा. पाठवला. मिळाला का विचारलं, तर निळ्या खुणा.