रा. रा. अनामिक मिस्त्री यांस



पत्रास कारण की, आपली-माझी ओळख नाही. आपलं नाव मला ठाऊक नाही, गाव ठाऊक नाही, आपण हयात आहात की पाने-पक्कड मुलाच्या हवाली करून मोकळे झालात, तेही ठाऊक नाही. पण गेली तीन वर्षं चार महिने रोज संध्याकाळी मी आपल्या सहवासात असतो. पोर्चमध्ये उताणा पडून, कपाळावर गिअर ऑइलचा अभिषेक घेत. घरच्या माणसांपेक्षा मला त्या मिस्त्रीचा स्वभाव जास्त कळतो, असं सौ. म्हणते. ती हे कौतुकाने म्हणत नाही.

आपण जिच्यावर उभा जन्म हात चालवलात, ती जीप आता कोल्हापुरात माझ्या दारात आहे. भुदरगड तालुक्यातल्या एका गोठ्यात ती मला मिळाली. मागच्या बाकावर कोंबडी अंड्यांवर बसली होती. त्यामुळे पैसे पोचते झाले तरी गाडीचा ताबा मिळाला तो एकवीस दिवसांनी, पिल्लं बाहेर पडल्यावर. मधला माणूस म्हणाला, "दुसऱ्या महायुद्धातली हाय साहेब. बर्मा फ्रंटवरनं आलीया." वर ऑलिव्ह हिरवा रंग, बॉनेटवर पांढरा तारा. बँकेत तीस वर्षं लोकांच्या कर्जाची कागदपत्रं भिंग लावून तपासली, आणि या माणसाला मी एक प्रश्न विचारला नाही.

खुलासा झाला तो रंग खरवडताना. हिरव्याखाली काळा-पिवळा निघाला. म्हणजे बर्मा फ्रंट म्हणजे वडाप. पिवळ्याखाली पांढरा, आणि त्यावर कुठल्याशा सहकारी साखर कारखान्याची पुसट अक्षरं. त्याच्याही खाली राखाडी. मग मी पुस्तकं उघडली, जी आधी उघडायला हवी होती. युद्धातल्या विलीस जीपचं बॉनेट बसकं, पुढच्या जाळीला नऊ फटी. आपल्या गाडीला फटी सात, आणि बॉनेट फेटा बांधल्यासारखं उंच. कारण आत हरिकेन इंजिन. युद्धातल्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये असत. हरिकेनचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, इंजिनाची उंची वाढली, ते झाकायला बॉनेट वर उचललं, आणि १९५३ साली सीजे-३बी बाजारात आली. लढाई संपून आठ वर्षं झाली होती. अमेरिकेने हे मॉडेल १९६८ मध्ये बंद केलं. महिंद्रांनी विलीसच्या परवान्यावर ते आपल्याकडे पुढेही बनवत ठेवलं. आपल्या गाडीचं नोंदणीचं साल १९६७. एजंटच्या हिशेबाने ती जन्माच्या बावीस वर्षं आधी बर्मात लढली.

जाऊ दे. तो हिशेब त्याचा आणि माझा. आपल्याविरुद्धच्या तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्या मी या जाहीर पत्राने नोंदवतो आहे.

ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट उचलली, तर खाली जमीन नव्हती. होता तो १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा पत्रा, रिबिटा मारून बसवलेला, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'शुद्ध शेंगदाणा'. मी आपल्या नावाने जे बोललो ते इथे लिहीत नाही. मडगार्डवर लांबी इंचभर, आणि ती टिकावी म्हणून आत गोणपाट. अ‍ॅक्सिलरेटरला मागे खेचणारी स्प्रिंग सायकलच्या स्टँडची. किंगपिनच्या शिमा बिस्किटाच्या डब्यातून कातरलेल्या. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली असते, हे आपल्याला माहीतच आहे. तिच्या फुटक्या सांध्यावर अंगाचा साबण घासून भरलेला. मिस्त्री, साबण! ज्या माणसाच्या बुडाखाली ही टाकी होती, त्याला आपण हे सांगितलं होतं का?

बोल्टांबद्दल तर बोलूच नये. या गाडीचा जन्म इंचातला. इथल्या उद्यमनगरातला जुना लेथवाला अजून सुतात बोलतो: चार सूत म्हणजे अर्धा इंच, पाच सूत म्हणजे त्याहून एक घर वर. आपणही सुतातलेच असणार. पण जिथे इंची बोल्ट हरवला, तिथे आपण हाताला लागेल तो मिलिमीटरचा बोल्ट दाबून पिळलात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यामुळे १३ नंबरचा पाना बसला असं वाटतं, जोर लावला की बोल्टाचं डोकं गोल होतं. एक मडगार्ड उतरवायला मला पान्यांचे दोन संच, एक छिन्नी आणि दोन रविवार लागले. जे बोल्ट वाचले ते मी गंज जावा म्हणून चिंचेच्या कोळात भिजत घातले. चिंचेतल्या आम्लाने गंज सुटतो, हे खरं आहे. ते पातेलं आमटीचं नाही, हे घरात आधी सांगायला हवं होतं, हेही खरं आहे.

आता हळद.

रेडिएटर उतरवला, उलटा केला, नळाचं पाणी सोडलं, आणि आतून जे बाहेर पडलं ते बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "लग्न कुणाचं?" पिवळंधमक पाणी. मी बोट लावून वास घेतला. सांगली इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे माल ताजा आणि उत्तम होता. अशा अडाणीपणाचा मला इतका संताप आला की मी तो रेडिएटर सोड्याने धुतला, ब्रशने घासला, आणखी एकदा धुतला. पाणी निवळशंख येईपर्यंत थांबलो नाही. मग तो जागेवर बसवून पाणी भरलं. अकरा ठिकाणी गळला. मी मोजलं, कारण प्रत्येक ठिकाणी खडूने गोल करावा लागला. घाटात पाणी उकळत असताना, दहा-बारा माणसं आत आणि दोन टपावर असताना, जी अकरा भोकं आपण नुसत्या हळदीने गप्प बसवली होती, ती मी स्वच्छतेच्या भरात एका दुपारी बोलती केली.

तिथून पुढे माझ्या तक्रारींचा सूर जरा घसरतो, ते समजून घ्यावं.

इंजिनाच्या हेडवर पांढऱ्या ऑइलपेंटने, मराठी आकड्यांत, कुणीतरी लिहिलं होतं: १-३-४-२. चारचं शेपूट लांब, दोनला वर वेलांटीसारखी गाठ. मला वाटलं, वडापच्या पोरांचा मटक्याचा आकडा असेल. रंग काढायच्या रसायनाने मी तो पुसून टाकला. मग डेल्कोच्या टोपणातून निघणाऱ्या चार वायरी चार प्लगांना लावल्या, लेजर लिहिणाऱ्या माणसाने लावाव्यात तशाच: एक, दोन, तीन, चार. सेल्फ मारला. कार्बोरेटरमधून जो बार निघाला, त्याने पोर्चच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि समोरच्या बंगल्यातले निवृत्त सुभेदार बाहेर आले. त्यांनी एकच गोष्ट विचारली, "फायरिंग ऑर्डर कुणी ठरवली?" कुठल्या क्रमाने ठिणगी पडायची, हे आपण पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलं होतं. पुढचा माणूस मी निघालो, त्याला आपला इलाज नव्हता.

शिमांचंही तेच. बिस्किटाच्या डब्याच्या शिमा फेकून मी बाहेरून मोजमापाच्या, पुडीवर जाडी छापलेल्या शिमा मागवल्या. आधी चाळिशीचा वेग गाठला तरी स्टेअरिंग शांत राहायचं. हे मी छातीठोक सांगतो, कारण भुदरगडहून मीच ती चालवत आणली होती. नव्या शिमांनी पंचविशीलाच पुढची चाकं पिंगा घालू लागली. जाडी छापील होती, पण या गाडीचे किंगपिन किती झिजलेत हे पुडीला कुठून कळणार? ते आपण बोटाने पाहिलं असणार आणि तेवढाच पत्रा कातरला असणार. बिस्किटं कोणती होती, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं.

इथे माझ्या मित्रमंडळींबद्दल दोन शब्द. जुन्या गाड्यांचे हे जाणकार दर रविवारी येतात, चहा पितात, गाडीखाली वाकतात आणि मान हलवतात. त्यांच्या तोंडी एकच शब्द: ओरिजिनल. युद्धकाळात फोर्डनेही जीप बनवल्या आणि आपल्या सुट्या भागांवर, बोल्टांवरसुद्धा, 'एफ' अक्षर उठवलं. ते 'एफ' वाले बोल्ट जमवणारे लोक जगात आहेत, आणि एका बोल्टासाठी ते जेवढे पैसे मोजतील तेवढ्यात माझा एक टायर येईल. फिलिपिन्समध्ये विलीसच्या कोऱ्या बॉड्या बनतात. त्यातली एक आणून जुनी फेकून द्यावी, असंही एकाने सुचवलं. म्हणजे गाडी ओरिजिनल होईल. आधी मीही माना डोलवायचो.

सरकारलाही ओरिजिनलच हवं. २०२१ सालच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार, मुदत दहा वर्षांची, आणि नव्या नंबरात 'व्हीए' अक्षरं मिरवायची. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. शेंगदाणा तेलाचा डबा हा मोठा फेरफार की छोटा, यावर नियम काही बोलत नाही. आणि अशी गाडी रोज रस्त्यावर न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, अशाच कारणांसाठी. हे वाचून सौ. म्हणाली, "मग तुम्हाला काय बंधन पडलं? तुमची दुरुस्तीच तर चाललीय."

१९४० साली अमेरिकन लष्कराने जीपचा नमुना मागितला तेव्हा मुदत दिली होती ४९ दिवसांची. बँटम नावाच्या एका छोट्या, बुडायला आलेल्या कंपनीने तो मुदतीत उभा केला. कोऱ्या कागदापासून चालत्या गाडीपर्यंत ४९ दिवस. माझ्याकडे तर चालती गाडी आयती होती. ती आज पोर्चमध्ये विटांवर आहे.

हेच मला आपल्याला सांगायचं होतं, आणि इतकी पानं मी ते टाळत होतो. ती चालत आली होती, मिस्त्री. साबण, गोणपाट, हळद, सायकलची स्प्रिंग, सगळ्यासकट, स्वतःच्या चाकांवर, माझ्या दारापर्यंत. मी तिला नीट करायला घेतली आणि ती थांबली.

आपण एकच माणूस आहात, हे मला कसं कळलं? तारेवरून. सायलेन्सरचा पट्टा असो, वायरिंगची जुडी असो, टपाची कडी असो, जिथे जिथे तार आहे तिथे तिला बरोबर तीन पीळ आहेत, आणि टोक आत वळवलेलं. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. मधल्या काळात गाडीचे मालक किती बदलले कुणास ठाऊक, रंग तर चार झाले, पीळ तोच. तसा एक तुकडा खिशात घालून मी उद्यमनगरात फिरलो. एका म्हाताऱ्या फिटरने तो उन्हाकडे धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "हे जुन्या माणसाचं काम हाय." नाव विचारलं तर हसला. "असली माणसं बिलं कुठं फाडायची, साहेब?"

तर आता कामाचं. डॅशबोर्डाच्या मागे एक लाल वायर आहे. ती स्विचपासून निघते, फायरवॉलमधून पलीकडे जाते, बॅटरीकडे वळल्यासारखं करते आणि मग चेसिसच्या एका भोकात शिरते. दुसरं टोक मला आजवर सापडलेलं नाही. कुठल्याच नकाशात ती नाही. मी ती तीनदा काढली. तिन्ही वेळा गाडी चालू होईना. परत जोडली की होते. इलेक्ट्रिशियनला आणलं. त्याने बॅटरीचा दिवा लावून पाहिलं, वायर बोटाने जरा ओढली, सोडली आणि म्हणाला, "असू दे की. चालतंय की." त्याला मी पन्नास रुपये दिले. एवढ्या वर्षांत इतका योग्य सल्ला मला कुणी दिला नव्हता.

वायर तिथेच ठेवली आहे. शेंगदाण्याचा पत्राही परत बसवला, जुन्याच रिबिटांच्या भोकांत. हेडवर १-३-४-२ मी ऑइलपेंटने पुन्हा लिहिलं, पण चारचं शेपूट आपल्यासारखं उतरलं नाही. मित्रमंडळींनी रविवारी ते पाहिलं आणि चहा अर्धा ठेवून गेले.

आपण हयात असाल आणि हे कुणी आपल्याला वाचून दाखवलं, तर या बाजूला यावं. गाडीखाली सतरंजी घातलेली आहे. पाना मी देत जाईन, सुतातला.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
पुढचा माणूस

ता. क. रेडिएटरला हळद किती घालायची? सौ. म्हणते, आमटीच्या अंदाजाने. मी दोन चमचे घातली. सात भोकं बंद झाली, चार चालू आहेत. आपला अंदाज कळवावा, आणि ती पाणी गरम असताना घालायची की गार, तेही.