पेटी

रत्नागिरीत 'पेटी' म्हटलं की मे महिन्यात हापूस आणि भजनाच्या वारी हार्मोनियम. आमच्या आळीतले पेटीकाका मात्र बारा महिने तिसऱ्याच पेटीत अडकलेले. ती स्पीकरची. वाजते, असं ते म्हणतात.

असा एक काका आळीगणिक असतो. निवृत्त, हाताशी करवत, आणि दुकानातली कुठलीही वस्तू बघून "ही घरी बाराशेत होते" म्हणायची खोड. होतेही. फक्त बाराशेत काय काय धरायचं नाही, ते आधी समजून घ्यावं लागतं. लॅमिंग्टन रोडवरचा आठ इंची वूफर धरायचा, त्यासाठीचं मुंबईचं तिकीट नाही, कारण "भाचीकडे बारशाला जायचंच होतं." प्लायवूड घरचंच, म्हणजे काकूंच्या कपाटाचं दार. आतला कापूस पाहुण्यांच्या गादीतला. फेविकॉल माझा.

पहिली पेटी त्यांनी खरोखरच आंब्याच्या पेटीची केली होती. फळाला वारा लागावा म्हणून ठेवलेल्या फटींतून सगळा खर्ज निसटला. मी हसलो, तेव्हा मला ओटीवर बसवून शास्त्र ऐकवलं. "अरे शिंच्या, स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते नि मागची सैल पडते. दोघी मोकळ्या सुटल्या की एकमेकींना खातात. भाऊबंदकी रे! मध्ये भिंत घातल्याशिवाय घर नांदायचं नाही." कोकणी माणसाला पदार्थविज्ञान याहून सोपं कुणी करून सांगितलं नसेल.

पण भिंत घातली म्हणून मागचा हिस्सा फुकट कशाला सोडायचा? मग पुढच्या फळीला भोक पाडून तीन इंची पाइप बसवला. पाइपाची लांबी, पेटीचं आकारमान आणि वूफरचा स्वभाव यांचं गणित ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थीलने १९६१ सालीच मांडून ठेवलंय. काकांना ते पाठ आहे. मात्र न्हाणीघराच्या दुरुस्तीतून पाइप उरला होता वीतभरच. तेव्हा थीलनेच थोडं सांभाळून घेतलं.

ऐकायला मला बोलावलं. काकांनी बटण पिळलं आणि मांडणीतली ताटं बोलू लागली. मग कौलं. गाणं कुठलं होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

"बघ, ५० हर्ट्झची लाट जवळजवळ सात मीटर लांब. आमचं माजघर चारच मीटर!"

उरलेली तीन मीटर काकूंच्या स्वयंपाकघरात गेली असावी, कारण आतून आवाज आला, "बास!"

काका खुलले. "ऐकलंस? तिलासुद्धा बेस कळला."

गेल्या पावसाळ्यात पेटीचा आवाज बदलला. दमट हवेने खर्ज गोल झाला, असं काकांचं निदान. पाइपातून बारीक चूंचूं यायला लागली तेव्हा त्यांनी कपॅसिटर बदलला. दुसऱ्या दिवशी पाइपातून शेपूट बाहेर आलं. मागची फळी उघडली, तर कापसात उंदरीण नि तिची पाच पिल्लं, गाढ.

काकूंनी पदराला हात पुसत आत डोकावून पाहिलं.

"असू देत हो. त्या गादीवर पाहुणे झोपले एकदाचे."