रॅमभाऊ

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, गच्चीच्या किल्लीवरून त्या सेक्रेटरीशी भांडणारा एक सभासद असतो आणि एक रॅमभाऊ असतो. पहिले दोघे निवडणुकीने नाहीतर जिद्दीने होतात. रॅमभाऊला कोणी नेमत नाही. कोणाचा तरी लॅपटॉप रडतखडत चालायला लागतो आणि रॅमभाऊ दारात उभा असतो. निरोप कोणी दिला, ते शेवटपर्यंत कळत नाही.

वय पन्नाशीच्या आगेमागे. नोकरी बँकेत, विमा कंपनीत नाहीतर वीज कंपनीच्या बिलिंग विभागात; कम्प्युटरच्या शिक्षणाशी नातं चुलत-मावसही नाही. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी बारीक स्क्रूड्रायव्हर. ऑफिसच्या बॅगेत डब्याखाली चष्म्याचं जुनं घर, आणि त्यात चष्मा सोडून सगळं: उरलेले स्क्रू, पांढरा खोडरबर, लोकांच्या लॅपटॉपमधून निघालेल्या एक-एक, दोन-दोन जीबीच्या रॅमच्या पट्ट्या. या पट्ट्या तो विकत नाही, कोणाला देतही नाही. "असू दे, लागते," म्हणतो. डीडीआर टूची पट्टी आता कोणाला लागणार, हे विचारायचं नसतं.

त्याचं निदान एकच. लॅपटॉप हँग होतो? रॅम. बॅटरी टिकत नाही? रॅम कमी, म्हणून हार्ड डिस्क सारखी फिरते, म्हणून बॅटरी जाते. इंटरनेट बंद आहे? "ते वेगळं. पण आता उघडतोच आहोत, तर रॅम बघून घेऊ."

"किती टाकायची?"

"सोळा."

"अहो, पण कंपनीच्या कागदावर कमाल आठ लिहिलंय."

इथे रॅमभाऊ हसतो. हे वाक्य ऐकायलाच तो तीन जिने चढून आलेला असतो.

"लग्नातला आचारी दोनशे पानांचा हिशेब सांगतो, तेव्हा अडीचशे जेवून उठतात की नाही? का? कमी पडलं तर शिव्या त्यालाच बसणार. कंपनीचंही तेच. जेवढं तपासून बघितलं तेवढं लिहिलं. पुढचं आपण बघायचं."

आणि पंचाईत अशी की यात तो बहुतेक वेळा बरोबर असतो. २०११ सालचा मॅकबुक प्रो घ्या. ॲपलने कमाल ८ जीबी सांगितली. लोकांनी १६ टाकली, चालली. त्याच साली आलेला थिंकपॅड एक्स २२०: लेनोव्होच्या कागदावर ८, प्रत्यक्षात १६. स्लॉट दोन, आणि हे लॅपटॉप निघाले तेव्हा ४ जीबीहून मोठी पट्टी बाजारात सहजी मिळत नव्हती. चार दुणे आठ, म्हणून आठ छापलं. आतला इंटेलचा प्रोसेसर पहिल्या दिवसापासून सोळाला राजी होता. पुढे ८ जीबीच्या पट्ट्या आल्या, स्वस्तही झाल्या, पण छापलेला आकडा आहे तिथेच राहिला. हा इतिहास सांगताना रॅमभाऊ आवाज खाली आणतो. "त्यांना सगळं माहीत होतं," म्हणतो. कोणाला, असं विचारलं तर त्या दिवशीचा स्वयंपाक राहतो.

एवढं ऐकल्यावर कोणालाही वाटेल, माणूस मोठा बंडखोर असणार. खरी गोम तिथेच आहे. पिवळा दिवा लागताच स्कूटर थांबवून मागच्याच्या शिव्या खाणारा तो हाच. लिफ्टमध्ये 'सहा व्यक्ती' लिहिलेलं असलं तर सातवा रॅमभाऊ जिन्याने जातो. इन्कम टॅक्सचं रिटर्न मुदतीच्या महिनाभर आधी भरतो. 'जेवणानंतर अर्ध्या तासाने' घ्यायची गोळी तळहातावर ठेवून घड्याळाकडे बघत बसतो. साहेबापुढे आजवर कधी 'नाही' म्हणालेला नाही आणि घरात त्याचं 'हो' ऐकायला कोणी थांबलेलं नाही. छापलेल्या प्रत्येक सूचनेपुढे मान तुकवत आलेल्या या माणसाचं जन्माचं बंड साठत साठत शेवटी लॅपटॉपच्या पोटातल्या दोन स्लॉटांत येऊन बसलं आहे. दुसरं कोणी मोर्चात गेलं असतं, ग्रामपंचायतीला उभं राहिलं असतं. रॅमभाऊ आठच्या जागी सोळा टाकतो.

मुंबईचा असेल तर खरेदीला ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला जातो. (पत्ता लिहायचा झाला तर 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग' असाच, पिनकोडसकट.) दुकानदार मॉडेल बघतो आणि म्हणतो, "साहब, इसमें आठ ही जाएगा."

"आप दो ना."

"वापस नहीं होगा."

हे ऐकून दुसरा कोणी मागे फिरेल. रॅमभाऊचा चेहरा उजळतो. मात्र समोर आलेली पट्टी तो डोळे मिटून घेत नाही. लेबल उजेडात धरून वाचतो: दीड व्होल्टची साधी डीडीआर थ्री, की १.३५ व्होल्टची डीडीआर थ्री एल? २०१३ नंतरच्या बऱ्याच डीडीआर थ्रीवाल्या लॅपटॉपना थ्री एलच लागते. कंपनीचा आकडा न मानणारा हा गृहस्थ व्होल्टेजच्या बाबतीत एक दशांशही इकडचा तिकडे होऊ देत नाही.

शस्त्रक्रिया जेवणाच्या टेबलावर. खाली वर्तमानपत्र, वर पंखा बंद, घरातली मंडळी घामाघूम. बॅटरी काढायची, मग पॉवरचं बटण दाबून धरायचं, आत उरलीसुरली वीज असेल ती जावी म्हणून. अंगातली स्थिर वीज उतरवायला खिडकीच्या गजाला हात लावायचा. मग पट्टीच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा. "निम्मे लॅपटॉप एवढ्यानेच बरे होतात," हे वाक्य या ठिकाणी येतंच. नवी पट्टी तिरकी सरकवून दाबली की दोन्ही बाजूंचे चाप कट्कन बसतात. झाकण लागतं. एक स्क्रू उरतो. तो चष्म्याच्या घरात जातो.

बटण दाबल्यावर पडदा काळा. सगळे रॅमभाऊकडे बघतात, रॅमभाऊ लॅपटॉपकडे. "पहिल्यांदा वेळ घेतो," तो पुटपुटतो. आणि मग बायॉसच्या पानावर आकडा उमटतो: १६३८४ एमबी. रॅमभाऊ त्याचा फोटो काढतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. सोबत एक ओळही लिहीत नाही. खाली दोन जोडलेले हात आणि एक वाढदिवसाचा केक येतो. केक कोणाला, ते कळत नाही.

अजून लॅपटॉप मालकाला मिळालेला नसतो. पेनड्राइव्हवर मेमटेस्ट येतो आणि रात्रभर एकेक खाना तपासत बसतो. सकाळी 'एरर शून्य' बघून रॅमभाऊ आंघोळीला जातो. मालक लॅपटॉप उघडतो, मेंटेनन्सची एक्सेल शीट लावतो. सोळापैकी तीन जीबी वापरात, तेरा रिकामे. आणि लॅपटॉप होता तेवढाच स्लो, कारण आत दहा वर्षांपूर्वीची फिरणारी हार्ड डिस्क आहे. तळमजल्यावरचा इंजिनीअरिंगचा पोरगा एकदा म्हणाला, "काका, त्यापेक्षा एसएसडी टाकली असती तर?" रॅमभाऊने त्याच्याकडे कीव येऊन बघितलं. "ती काय, कोणीही टाकतं. कंपनी स्वतःच टाका म्हणते."

हरतो तेव्हाही तो नीट हरतो. इंटेलच्या ९४५ चिपसेटच्या जुन्या लॅपटॉपांत ४ जीबी टाकली तरी तीन आणि वर थोडी एवढीच दिसायची, कारण चिपसेटकडे पत्तेच ४ जीबीपुरते आणि वरचे पत्ते ग्राफिक्सने नि बाकीच्या भागांनी अडवलेले. २०११च्या त्याच लॅपटॉपांत १६ जीबीची एकेक पट्टी घालून बत्तीस करायला जावं तर मशीन उठतच नाही. तिच्यावरच्या ८ गिगाबिटच्या चिपा त्या पिढीच्या मेमरी कंट्रोलरला वाचता येत नाहीत. इथे रॅमभाऊ वाद घालत नाही. "सिलिकॉननेच नाही म्हटलं, मग विषय संपला." त्याचं भांडण कागदाशी आहे. म्हणूनच विंडोज सेव्हन स्टार्टरचं नाव काढलं की त्याचा आजही तोल जातो. नेटबुकमध्ये कितीही टाका, त्यातल्या दोनच जीबी ती वापरणार. चिप तयार असली, पट्टी तयार असली, तरी आडवं येणार कोण? लायसन्स! एरवी आवाज न चढवणारा माणूस हा शब्द टेबलावर हात आपटून उच्चारतो.

अलीकडे मात्र त्याचे दिवस फिरले आहेत. पुतणीने नवा लॅपटॉप घेतला. रॅमभाऊने पेढा तोंडात टाकायच्या आधी तो उलटा केला, झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिला. स्लॉट नाहीत. रॅम थेट बोर्डवर सोल्डर केलेली. २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोत ॲपलने हे केलं तेव्हा त्याने ते श्रीमंतांचं खूळ म्हणून सोडून दिलं होतं. आता तेच खूळ मध्यमवर्गात शिरलं.

"मग वाढवायची कशी?"

"नाही वाढत, काका. घेतानाच सोळा घेतली."

मर्यादा ओलांडायला आधी फट लागते, आणि या कंपनीने फटच ठेवली नव्हती. रॅमभाऊ त्यानंतर आठवडाभर कोणाकडे गेला नाही. सोसायटीतल्या दोघा-तिघांचे लॅपटॉप त्या काळात आपोआप बरे झाले, असं म्हणतात.

पण परवा जिन्यात भेटला तो दोन-दोन पायऱ्या एकदम चढत. एन १०० प्रोसेसरचा तळहाताएवढा मिनी पीसी त्याला सापडला होता. स्लॉट एकच. इंटेल म्हणतं कमाल १६. लोक ३२ टाकतात, चालते. घरात पाऊल टाकता टाकताच त्याने वहिनींना हे सांगितलं. दार उघडंच होतं, त्यामुळे मजल्यावरच्या सगळ्यांनी ऐकलं.

"अहो, पण त्यावर करायचंय काय?"

"वीजबिल भरायचंय."

"मग सोळाच टाका की."

"म्हणजे तू इंटेलच्या बाजूची?"

"मी पासबुकाच्या बाजूची," वहिनी म्हणाल्या. "त्यात लिहिलंय त्याच्यावर एक रुपया काढून दाखवा, मग टाका बत्तीस."