बिनविरोध ब्राउझर

घरी संगणक घ्यायचा ठरला की सौंसरहून निदान चार माणसांचं शिष्टमंडळ नागपूरला निघतं. सीताबर्डीतली दुकानं पालथी घातली जातात. पडदा किती इंची, यूपीएस सोबत देता का, प्रिंटरवर किती सुटतील, यावर तासभर घासाघीस चालते. शेवटी दीड हजार रुपये वाचतात आणि त्यातले हजार बसभाड्यात अन् सावजीच्या जेवणात जातात. एवढ्या चोखंदळ माणसांनी निवडून आणलेल्या त्या यंत्रात इंटरनेट कशात उघडायचं आणि ईमेल कशात वाचायचं, हे मात्र दुकानातल्या पोराने आधीच ठरवून टाकलेलं असतं. त्याबद्दल शिष्टमंडळाचा एकही सदस्य तोंड उघडत नाही. फुकट आहे ना? मग त्यात पाहायचं काय!

तसा आधीच ठरवून ठेवलेल्या गोष्टींचा आमचा अनुभव दांडगा आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिणेकडचे आम्ही पांढुर्णा-सौंसरवालेही राहिलो. घरात मराठी, दाखल्यावर हिंदी, सोयरीक नागपूर-अमरावतीकडची, राजधानी भोपाळ. ही सेटिंग कोणी आम्हाला विचारून केली नव्हती आणि ती कुठून बदलतात तेही सांगितलं नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौंसर त्यात आलं, पाट्या बदलल्या, अर्ज हिंदीतच राहिले. तेव्हा संगणकावर जे चिन्ह आधीपासून चिकटलेलं आहे त्याच्यावर बोट ठेवून मुकाट्याने पुढे जाणं आम्हाला जड जात नाही.

फुकटाची ही सवय लावणाऱ्यांचा मात्र मोठा इतिहास आहे. १९९४ साली नेटस्केप नॅव्हिगेटर आला तेव्हा ब्राउझर ही विकायची वस्तू होती, निदान कंपन्यांनी तरी तिचे पैसे मोजावेत अशी नेटस्केपची अपेक्षा होती. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर काढला, तो फुकट वाटला आणि मग विंडोजच्या पोटातच घालून दिला. समोरचा जी वस्तू विकून जगतो ती आपण फुकट वाटायची, की त्याला वेगळं मारावं लागत नाही.

आता पांढुर्ण्यावर काहीही लिहिलं तरी गोटमार आणावीच लागते, नाहीतर संपादक लेख परत पाठवतात. म्हणून आणतो आणि मोकळा होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा बांधतात. इकडून पांढुर्णा, तिकडून सावरगाव, मधून दगड. अमेरिकेत हाच सण ऑक्टोबर १९९७ मध्ये झाला. एक्सप्लोररची चौथी आवृत्ती निघाली त्या रात्री मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी आपला भलाथोरला ‘ई’ नेऊन थेट नेटस्केपच्या कचेरीपुढच्या हिरवळीवर रोवला. नेटस्केपवाल्यांनी तो आडवा पाडला, त्याच्या उरावर आपला मोझिला नावाचा डायनासोर उभा केला आणि पाटी लावली: नेटस्केप ७२, मायक्रोसॉफ्ट १८. हा बाजारातला हिस्सा. झेंडा नेटस्केपने राखला, नदी मायक्रोसॉफ्टने नेली. १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करायचा हुकूम निघाला, २००१ मध्ये अपिलात तो उडाला. तोवर नेटस्केपला पाहायला गिऱ्हाईक उरलं नव्हतं.

दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहायचा प्रयोग आमच्या प्रशासनाने केला होता. युरोपीय आयोगाने तोच २०१० मध्ये केला. विंडोजमध्ये एक चौकट दिसावी, तीत प्रमुख ब्राउझरांची नावं असावीत, ज्याला जो हवा तो त्याने घ्यावा. पुढच्या वर्षी विंडोजच्या एका सुधारित आवृत्तीत ही चौकट यायचीच राहून गेली. चौदा महिने, दीड कोटी माणसं! मायक्रोसॉफ्टने तांत्रिक चूक झाली असं म्हटलं, आयोगाने २०१३ मध्ये ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड केला. दंडाचं मला काही वाटलं नाही. पण दीड कोटी युरोपीय माणसांसमोरून निवडीचा हक्क चौदा महिने नाहीसा होतो आणि कुणाच्या घरी चूल बंद राहत नाही, हे वाचून आमच्या तालुक्याची मान जरा वर झाली.

एक्सप्लोररच्या राज्यात आमच्याकडे ‘निळा ई’ म्हणजेच इंटरनेट होतं. ‘इंटरनेट बंद पडलं’ म्हणून हाका मारणाऱ्या किती जणांकडे जाऊन मी फक्त डेस्कटॉपवरून कुठेतरी सरकलेला ई परत जागेवर आणून दिला आहे. सरकारी संकेतस्थळांच्या तळाशी सूचना असायची की हे एक्सप्लोररमध्ये आणि अमुक आकाराच्या पडद्यावर उत्तम दिसेल. दुसऱ्या कशात ते उत्तमच काय, मध्यमही दिसत नसे. मराठी वर्तमानपत्रांची तऱ्हा त्याहून न्यारी. युनिकोड रुळायच्या आधी जो तो आपापला फॉन्ट घेऊन इंटरनेटवर आला होता आणि त्यातल्या बऱ्याच फॉन्टांचं फक्त एक्सप्लोररशी जमायचं. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स आला, तोही फुकट, तोही चांगला. हौशीने उतरवून घेतला आणि पेपर उघडला तर अग्रलेखाच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा चिवडा. काही अग्रलेख त्या रूपात अधिक स्पष्ट वाटले, ही गोष्ट वेगळी.

१५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्सप्लोररला निवृत्त केलं. दक्षिण कोरियात एका अभियंत्याने पदरचे पैसे घालून त्याची रीतसर दगडी समाधी बांधली आणि तिच्यावर कोरलं की दुसरे ब्राउझर उतरवून घ्यायला हा गडी चांगला होता. एवढा नेमका मृत्युलेख आमच्याकडच्या कुठल्याच पुढाऱ्याच्या वाट्याला आलेला नाही.

त्या समाधीत कोण गेलं आणि गादीवर कोण आलं? सप्टेंबर २००८ मध्ये गुगलचा क्रोम आला. फुकट. हलका होता, चपळ होता, आणि गुगलच्या पानावर गेलं की तिथेच त्याची शिफारस. ज्या संकेतस्थळांवर पूर्वी ‘एक्सप्लोरर वापरा’ असायचं, तिथे आता ‘कृपया क्रोम वापरा’ असतं. पाटी तीच, फक्त नाव खोडून नवं घातलं आहे. आमच्या ग्रामपंचायतीलाही हे जमतं, पण तिथे निदान पाच वर्षांनी मतदान होतं.

आणि आता फुकटाचा हिशेब. अमेरिकेतल्या गुगलवरच्या खटल्यात एक आकडा बाहेर आला. लोकांच्या फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये आधीपासून आपलाच शोध लावलेला असावा, यासाठी गुगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर इतर कंपन्यांना मोजले. जवळपास दोन लाख कोटी रुपये! हे पैसे चांगल्या शोधाचे नाहीत, चांगला शोध तर गुगलकडे आहेच. हे पैसे तुमच्या-माझ्या आळसाचे आहेत. सेटिंगमध्ये जाऊन एक ठिपका इकडचा तिकडे करायला माणूस कंटाळतो, या शाश्वत सत्यावर लावलेले. आमच्या भागातून संत्रं बाहेर जातं, कापूस जातो, पण त्यांचा भाव ठरवताना व्यापारी नाकं मुरडतात. आळस मात्र आम्ही विनातक्रार वर्षानुवर्षं निर्यात करतो आहोत, आणि त्याचा चुकारा कॅलिफोर्नियातल्या कॅलिफोर्नियातच होतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलची शोधातली मक्तेदारी बेकायदा ठरवली. अमेरिकी सरकार म्हणालं, मग क्रोम विकायला लावा. ऑगस्ट २०२५ मध्ये परप्लेक्सिटी नावाच्या एका नवख्या कंपनीने ३४.५ अब्ज डॉलरची बोली लावली. स्वतः कंपनीही तेवढ्या किमतीची नव्हती! फुकट मिळणाऱ्या वस्तूला ही बोली येते तेव्हा सौंसरच्या संत्राबागायतदाराला तरी कळायला हवं की या सौद्यात झाडावर लटकलेलं फळ कोण आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने क्रोम विकायला लावलं नाही. फक्त आपलाच शोध ठेवा असे करार करू नका, पैसे द्यायला हरकत नाही, असा निकाल झाला. म्हणजे आमचा आळस बाजारात अजून उभा आहे.

‘मग दुसरा घ्या की!’ असं कोणी शहाणा म्हणेल. जरूर. मायक्रोसॉफ्टचा एज आहे, नॉर्वेत जन्मलेला ऑपेरा आहे, ब्रेव्ह आहे, विवाल्डी आहे. मात्र बॉनेट उघडलं की प्रत्येकात क्रोमचंच मूळ इंजिन, गुगलचं क्रोमियम. फायरफॉक्सचं इंजिन स्वतःचं, पण ते चालवणाऱ्या मोझिला संस्थेची बहुतांश कमाई शोधाच्या करारातून, आणि तो करार कोणाशी, हे सुज्ञांस सांगणे न लगे. स्वदेशी हवा असेल तर केंद्र सरकारने २०२३ मध्ये भारतीय ब्राउझरसाठी ३ कोटी ४१ लाखांची स्पर्धा लावली होती. मार्च २०२५ मध्ये झोहो ही कंपनी पहिली आली. तिचा उला बरा आहे, माझा त्याच्याशी वाद नाही, पण त्याच्याही पोटात क्रोमियमच. २०१० मध्ये बंगळुरूहून आलेला एपिक आधी फायरफॉक्सच्या पायावर उभा होता, नंतर तोही क्रोमियमवर गेला. फोनवर गावोगावी चालणारा चिनी यूसी ब्राउझर २९ जून २०२० रोजी सरकारने बंद केला, त्या दिवशी आमच्याकडे बऱ्याच लोकांना प्रथमच कळलं की आपण ब्राउझर वापरत होतो.

ईमेलची कथा छोटी आहे, कारण ईमेल आमच्याकडे कोणी वाचत नाही. तो असावा लागतो, बस. अर्ज भरायला कियोस्कवर जा.

‘ईमेल आयडी हाय का तुमचा?’

‘नाई ना जी.’

‘बनवून टाकतो. तीस रुपये.’

फुकट ईमेलचा एवढा स्वच्छ भाव जगात दुसरीकडे कुठे लिहिलेला नसेल. पासवर्ड म्हणजे तुमचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, तो कियोस्कवाल्या भाऊच्या वहीत. खातं परत मिळवायला जो फोन नंबर द्यायचा तो भाऊचाच, कारण तुमचा फोन पोरगं वावरात घेऊन गेलं आहे. अशा रीतीने अर्ध्या मोहल्ल्याचा पत्रव्यवहार एका माणसाच्या खिशात आहे आणि त्याने तो अजून कोणाला विकलेला नाही. एवढी खात्री मोठ्या कंपन्यांबद्दल मी देणार नाही. १ एप्रिल २००४ ला जीमेलने एक जीबी जागा देऊ केली तेव्हा लोकांना ती थट्टा वाटली होती, हॉटमेल तेव्हा दोन एमबी देत होता. आता पंधरा जीबी आहे आणि ती गुलाबाच्या फुलावर छापलेल्या सुप्रभातांनी भरली आहे. विंडोजमधला साधा मेल प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंद केला. त्याच्या जागी आलेल्या नव्या आउटलुकमध्ये फुकट वापरणाऱ्याच्या पत्रांच्या रांगेत जाहिरातही पत्रासारखी येऊन बसते.

आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी मात्र एकदा हे मनावर घेतलं. ते म्हणाले, मतदान करतो तर हेही करीन. त्यांनी एज उघडून त्यात फायरफॉक्स शोधला. आधी एजने स्वतःच गळ घातली, मी काय वाईट आहे? मग गुरुजींनी सर्वांत वर आलेली जाहिरात चिकाटीने सोडून खालचं मोझिलाचं खरं पान उघडलं. फायरफॉक्स मराठीत मिळतो, तो मराठीत टाकला. त्यात जाहिराती गाळणारं यूब्लॉक ओरिजिन बसवलं, जे क्रोमने हल्ली आपल्या घरातून बाहेर काढलं आहे. ईमेलसाठी थंडरबर्ड घेतला. हा डिसेंबर २००४ चा जुना पक्षी. मधल्या काळात मोझिलानेच त्याच्यावरचा हात आखडता घेतला होता, आता वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर तो पुन्हा धडधाकट उडतो आहे. पत्रं आपल्या संगणकावर उतरवून ठेवतो, जाहिरात दाखवत नाही. गुरुजींनी देणगीही देऊ केली, पण कार्डवर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद असल्याचं निघालं. ते आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

महिनाभर गुरुजी खुशीत होते. ‘फाइल’, ‘संपादन’, ‘इतिहास’ असे शब्द पडद्यावर मोठ्याने वाचून दाखवायचे. येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा आणि थंडरबर्ड दोन्ही दाखवले जायचे. मग दिवाळीला पुण्याहून नातू आला, कंपनीत कामाला असलेला. त्याने पडद्याकडे पाहून कपाळाला हात लावला. ‘आबाजी, हे काय टाकून ठेवलं तुम्ही? असं कोणी वापरत नाही आता.’ दहा मिनिटांत त्याने दोन्ही काढून क्रोम बसवला, भाषा इंग्रजी केली आणि शंकरपाळ्यांचा डबा घेऊन मॅच पाहायला बसला.

नातू पुण्याला परतला त्याच संध्याकाळी गुरुजींनी सगळं पुन्हा पहिल्यासारखं केलं आणि संगणकाचा पासवर्डच बदलून टाकला. तो घरात दुसऱ्या कोणालाही ठाऊक नव्हता. पुढच्या आठवड्यात गुरुजीही तो विसरले, तेव्हा खातं उघडण्याचा कोड कियोस्कवाल्या भाऊच्या फोनवर आला. भाऊने नेहमीप्रमाणे तीस रुपये घेतले.