तिरकी करून बघ

स्नोमोबिल घरी आणली त्या दिवशी मी बायकोला जे वाक्य ऐकवलं, ते तिने पाठ करून ठेवलंय. "टू-स्ट्रोकच आहे गं. आपण टू-स्ट्रोकवरच तर वाढलो."

मिनेसोटात येऊन सतरा वर्षं झाली, पण बर्फाचा आणि माझा संबंध फावड्यापुरताच होता. गेल्या ऑक्टोबरात एका गॅरेज सेलमध्ये, ख्रिसमसच्या दिव्यांच्या गुंत्यामागे, ती पिवळी दिसली. 1971 सालची, म्हणजे माझ्याहून चार वर्षांनी मोठी. विकणारा म्हणाला, "ठेवली तेव्हा चालू होती." हे वाक्य मी पुण्याच्या जुन्या बाजारात शंभरदा ऐकलंय आणि शंभरदा मनात हसलोय. इंग्रजीत ऐकलं आणि मुकाट चारशे डॉलर काढून दिले. वर मंडळाच्या दिवाळीत फराळाची ताटली हातात धरून जाहीर केलं, की तळं गोठलं की सगळ्यांना चक्कर.

तळं गोठलं. पिवळी गॅरेजातच.

बॉनेट उघडलं तर आत उंदरांचा अख्खा संसार. सीटचा स्पंज कुरतडून केलेली गादी, त्यात कुणा पोराच्या हातमोज्याची लाल लोकर. टाकीतल्या पेट्रोलला वॉर्निशचा वास. ते सगळं काढलं, पन्नासास एक ऑइल घालून नवं पेट्रोल भरलं आणि दोरी ओढायला घेतली. हो, दोरीच. चावी नुसता करंट देते. लाइट गेल्यावर लक्ष्मी रोडवरचे दुकानदार जनरेटरची ओढायचे, तशी दोरी. फक्त लक्ष्मी रोडला उणे अठरा नसतं. बत्तिसाव्या हिसक्याला ती माझ्या हातात आली आणि मी बर्फात बसलो. बायको स्वयंपाकघराच्या खिडकीत होती. हसली नाही. पडदा ओढून घेतला, ते जास्त लागलं.

नवी दोरी घातली. मग मी माझं ठेवणीतलं शस्त्र काढलं. गाडी तिरकी केली.

इथे थोडं थांबतो, कारण तिरकी करणं ही आमच्या घरातली परंपरा आहे. बाबांना दहा वर्षं नंबर लावल्यावर 1984 साली स्कूटर मिळाली. रोज सकाळी नऊला, गळ्यात मफलर आणि डिकीत डबा अशा अवस्थेत, ते तिला आपल्या अंगाकडे कलती करायचे. तिच्या कानात काहीतरी सांगतायत असं वाटायचं. मनात आकडे मोजायचे: उन्हाळ्यात पाच, पावसाळ्यात दहा, डिसेंबरात पंधरा. एखादा आकडा जास्त झाला की गाडी 'ओव्हर' व्हायची. मग प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, पँटला पुसा, फुंकर मारा. गल्लीत यावरून दोन पंथ होते. एक म्हणायचा, एकाच बाजूला कलवायची. दुसरा म्हणायचा, दोन्ही बाजूंना झुलवायची. दोघांची तोंडं गणपतीच्या वर्गणीपुरती एकमेकांकडे व्हायची. शास्त्र कुणालाच ठाऊक नव्हतं. 'पेट्रोल खाली येतं' एवढं पुरायचं. माझी मुंज आठव्या वर्षी लागली, पण खरं उपनयन नववीत झालं. बाबा म्हणाले, "आज तू कर." मी केली आणि पहिल्या किकला सुरू झाली. पुढे कॉलेजात असेपर्यंत गल्लीतल्या काकू "जरा तिरकी करून दे रे" म्हणून हाक मारायच्या आणि मी केसांवरून हात फिरवत जायचो. एवढा मान मला नंतर कुठल्याच नोकरीत मिळाला नाही.

तर ते सव्वाशे-दीडशे किलोचं धूड मी पोटाशी धरून तिरकं केलं आणि पंधरा मोजले. शेजारचे आजोबा कॉफीचा मग घेऊन बघत होते. पंचाहत्तरीच्या पुढचे, जन्म इथल्याच बर्फातला.

"काय करतोयस?"

"पेट्रोल खाली आणतोय."

ते जवळ आले. ग्लव्ह्ज न काढता कार्ब्युरेटरवर बोट ठेवलं. "याला वाटीच नाही. आत पातळ पडदा असतो. लाकूड कापायच्या करवतीला असतो, तसाच. उलटी केलीस तरी तेवढंच पेट्रोल मिळेल. उतारावर सारखी कलंडते ना ही, म्हणूनच असा बनवलाय."

म्हणजे मला आयुष्यात जी एकच कला येते, तिचा उपयोग होऊ नये अशी चोख व्यवस्था ही गाडी बनवणाऱ्या क्यूबेकमधल्या लोकांनी माझ्या जन्माआधीच करून ठेवली होती.

आजोबा मग रोजच यायला लागले. हात चालवता चालवता गोष्टी सांगायचे. राल्फ प्लेस्टेड नावाचा इथलाच विमा एजंट 1968 साली स्नोमोबिलवरून उत्तर ध्रुवाला पोचला, ही त्यांची लाडकी. (विमा एजंट कुठेही पोचू शकतो, याबद्दल मला कधीच शंका नव्हती.) मी अजून ड्राइव्हवेच्या टोकाला पोचलो नव्हतो. दुसरी गोष्ट ही पिवळी ज्याच्या कंपनीची, त्या जोसेफ-आर्मांद बोंबार्दियेची. क्यूबेकमधल्या वालकूर गावातला हा पोरगा. पंधराव्या वर्षी त्याने वडिलांच्या जुन्या फोर्डचं इंजिन घसरगाडीवर चढवलं, मागे विमानासारखा पंखा लावला आणि गावातून फिरवली. बापाने ती तिथल्या तिथे मोडायला लावली. ही गोष्ट सांगताना आजोबा मोठ्याने हसायचे. पुढची एकदाच सांगितली, पान्याकडे बघत. 1934 च्या हिवाळ्यात बोंबार्दियेच्या दोन वर्षांच्या मुलाचं अपेंडिक्स फुटलं. रस्ते बर्फाखाली. बर्फावर चालणारी गाडी वर्कशॉपात अर्धवट पडलेली. मूल दवाखान्यापर्यंत गेलंच नाही. तीन वर्षांत त्याची सात माणसं नेणारी गाडी विकायला आली. आपण जिच्यावर मजेने फिरतो ती छोटी पिवळी पार 1959 सालची.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं फारसं बोललो नाही. पॉइंट घासले, कार्ब्युरेटरचे पडदे बदलले.

तरीही दोन ठसके देऊन बंद. पेट्रोल पोचत नव्हतं. शेवटी आजोबांना सापडलं. क्रँककेसपासून कार्ब्युरेटरपर्यंत करंगळीएवढी रबरी नळी जाते. इंजिनाचा श्वास तिच्यातून जातो, त्या धक्क्यांवर पडदा हलतो आणि पेट्रोल खेचलं जातं. नळीला खालच्या बाजूने केसाएवढी चीर होती. किंमत दोन डॉलर. चारशेच्या गाडीवर तोवर सहाशे उडाले होते. हा आकडा घरात अजून चारशेच आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. 2011 साली सुट्टीवर गेलो तेव्हा बाबांची स्कूटर मीच विकायला लावली. "बाबा, काय ते रोज वाकवत बसता? कंबर जाईल." बटणावर सुरू होणारी नवी घेऊन दिली आणि जुनी दीड हजारात भंगारवाल्याला. बाबा काही बोलले नाहीत. भंगारवाल्याच्या पोराला ती सुरू होईना, तेव्हा पुढे होऊन स्वतः तिरकी करून दिली. मी गॅलरीत उभा राहून फोनवर कुणाला तरी कॉन्फरन्स कॉलची वेळ देत होतो.

नवी नळी बसवली तेव्हा इथे संध्याकाळचे सात, तिकडे सकाळचे साडेसहा. चौथ्या हिसक्याला पिवळी सुरू झाली. निळा धूर, तोच वास, अंगणभर. मी व्हिडिओ कॉल लावला. बाबांच्या हातात चहाचा कप. मी फोन सायलेन्सरजवळ धरला आणि ओरडलो, "बाबा, ऐका!"

बाबांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. मी तयारीतच होतो.

"चोक काढ आधी," ते म्हणाले. "ओव्हर होईल."